टायर काळा नसतो!

लालपरीचं मॉडेल बनवणारा एक मित्र दोन महिने एकाच गोष्टीवर अडला होता. बॉडी झाली, लाल रंग झाला, पाटीसुद्धा झाली. अडलं ते रबरावर. हातभर मॉडेलवरचं रबर खऱ्यासारखं दिसावं म्हणून काय लागतं? थोडे रंग, थोडी माती आणि भरपूर बघणं.

एक काम करा. डोळे मिटा आणि एसटीचा टायर डोळ्यांसमोर आणा. कोणता रंग दिसला?

काळा. बरोबर ना?

चुकलात. वाईट वाटून घेऊ नका, मीही चुकले होते. आणि माझा तो मित्रही, ज्याच्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

हा मित्र यवतमाळचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचे बाबा एसटीत ड्रायव्हर. तीसेक वर्षं स्टिअरिंग धरलं आणि आता रिटायरमेंट आली. त्यांना काय द्यायचं? घड्याळ, शाल, श्रीफळ हे सगळं सत्कारात मिळणारच. म्हणून याने ठरवलं की त्यांची बस बनवायची. सनबोर्ड आणि पुठ्ठ्याची, 1:24 स्केलमध्ये. म्हणजे खऱ्या बसच्या 24 सेंटिमीटरला मॉडेलवर 1 सेंटिमीटर. अकरा मीटरची बस धरली तर मॉडेल होतं साधारण 46 सेंटिमीटरचं. पाटीवर लिहिलं, ‘यवतमाळ–पुसद, मार्गे आर्णी–दिग्रस’.

सरप्राइज वगैरे काही राहिलं नाही, दोन खोल्यांच्या घरात राहतही नाही. बाबांनी बस बघितली. हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली. मग म्हणाले, छान झाली रे, पण ही गाडी कुठे गेलेलीच दिसत नाही.

मित्राला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याने टायर रंगवले होते काळ्या रंगाने. बाटलीतला कुचकुचीत काळा, दोन हात, वर चकाकी. बस उभी होती, पण एक किलोमीटरही चाललेली वाटत नव्हती.

मग टायर कोणत्या रंगाचा असतो?

हे विचारायला आम्ही गेलो पंक्चरच्या दुकानात. कुठल्याही हायवेवर असतं तसंच दुकान. बाहेर टायरचा ढीग, पाण्याचं टाकं, हवेचा कॉम्प्रेसर. दुकानवाल्या काकांना प्रश्न ऐकून आधी हसू आलं. ‘काय शिकून राहिले तुम्ही कॉलेजात?’ असं विचारलं आणि मग ढिगातले चार टायर काढून आमच्यासमोर लायनीत मांडले.

पहिला नवाकोरा. दुसरा वर्षभर चाललेला. तिसरा रिमोल्ड केलेला. चौथा इतका गुळगुळीत की त्याला नक्षी होती हे सांगावं लागावं. चार टायर, चार रंग. नवा होता गडद राखाडी. चाललेल्याचा रस्त्याला घासणारा भाग फिकट राखाडी, कडा तपकिरी. रिमोल्डचं वरचं रबर नवं नि गडद, बाजूची भिंत मात्र जुनी, मळकट. एकाच टायरला दोन वयं! आणि चौथा तर जवळजवळ राखेच्या रंगाचा. खरा काळा एकही नव्हता.

एसटीचे टायर रिमोल्ड करणारे प्लांट महामंडळाचे स्वतःचेच आहेत. म्हणजे लालपरीच्या चाकात ही दोन वयं दिसणं अगदी साहजिक आहे. मॉडेलवर मात्र ती कोणी दाखवत नाही.

थोडं केमिस्ट्री, घाबरू नका

रबराच्या झाडाचा चीक पांढरा असतो. सुरुवातीचे टायरही फिकट, पांढुरके असायचे. मिशेलिन कंपनीचा तो गुबगुबीत टायरांचा माणूस आठवतो? तो 1898 सालचा आहे. तो पांढरा का? कारण तेव्हा टायरच तसे होते. पुढे रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे अगदी बारीक काजळी, मिसळायला लागले. त्याने रबर मजबूत झालं, कमी झिजायला लागलं, उन्हापासून वाचलं आणि जाता जाता काळं झालं. म्हणजे टायरचा काळेपणा ही फॅशन नाही, ती गरज आहे.

मग तपकिरी कडा कुठून येते? आपण म्हणू धुळीने. अर्धं खरं आहे. टायरला हवेतल्या ओझोनमुळे भेगा पडू नयेत म्हणून रबरात काही रसायनं आणि मेण घालतात. ती हळूहळू आतून पृष्ठभागावर येतात. तिथे हवा आणि ऊन लागून त्यांची तपकिरी झाक तयार होते. टायर धुतला तरी काही दिवसांनी ती परत येते. बाइकवाल्यांनो, आपली गाडी धुतल्यावर आठवड्याने टायरची बाजू नीट बघा. दिसेल.

आता मॉडेलवर शुद्ध काळा का चालत नाही, तेही बघू. टायरवर नक्षी असते, खाचा असतात, अक्षरं असतात. हे सगळं आपल्याला दिसतं ते सावलीमुळे. खाचेतली सावली टायरपेक्षा गडद असते. पण तुम्ही अख्खा टायरच सगळ्यात गडद रंगाने रंगवला, तर सावलीला गडद व्हायला जागाच उरत नाही. सगळं सपाट दिसतं. त्यात अंतराचा हिशोब आहे. 1:24 चं मॉडेल एका फुटावरून बघणं म्हणजे खरी बस 24 फुटांवरून बघणं. स्टँडवर 24 फूट लांब उभे राहा आणि बघा, टायर किती फिका वाटतो.

करायचं कसं?

मॉडेलिंगच्या जगात यासाठी तयार रंग मिळतात. जपानच्या तामिया कंपनीच्या रंगांत ‘रबर ब्लॅक’ आहे. स्पेनच्या वालेहोकडे तर ‘डार्क रबर’ आणि ‘लाइट रबर’ असे दोन आहेत. नावच सांगतं की रबराचा एक रंग नसतो. पण या बाटल्या ऑनलाइन मागवाव्या लागतात आणि आपल्या पॉकेटमनीला झेपतातच असं नाही. मित्राने सगळं काम शाळेच्या दप्तरात असतात तसल्या साध्या अॅक्रेलिक रंगांवर केलं. कसं, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी, मूळ रंग. काळा घ्या, त्यात थोडा पांढरा. नुसत्या काळ्या-पांढऱ्याचा राखाडी निळसर दिसतो, टायर तसा नसतो. म्हणून त्यात बर्न्ट अंबरचा, म्हणजे गडद तपकिरीचा, एक ठिपका. प्रमाण चमच्याने मोजू नका. कागदावर लावा, वाळू द्या आणि तो कागद खऱ्या टायरशेजारी धरा. अॅक्रेलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, हे लक्षात ठेवा.

दुसरी, चकाकी मारणं. रबर चमकलं की प्लास्टिक वाटतं. मॅट वार्निश असेल तर उत्तम. नसेल तर रंगात चिमूटभर टाल्कम पावडर मिसळून आधी रद्दी तुकड्यावर बघा. जास्त झाली तर रंग खरबरीत होतो, म्हणून चिमूटभरच.

तिसरी, खाचा. मूळ रंगापेक्षा गडद रंग पाण्यासारखा पातळ करा आणि नक्षीवरून सोडा. तो आपोआप खाचांत जाऊन बसतो. वरचा जादाचा पुसून घ्या.

चौथी, झीज. ब्रशला फिकट राखाडी लावा आणि जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून टाका. आता त्या कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर हलका हात फिरवा. याला ड्राय ब्रशिंग म्हणतात. रस्त्याला घासणारा मधला पट्टा फिका होतो आणि टायर एकदम ‘चाललेला’ वाटतो.

पाचवी, वजन. हे रंगाचं काम नाही, पण याशिवाय सगळं फुकट. खरी बस जड असते, टायर खाली थोडा दबलेला असतो. मॉडेलचा टायर अगदी गोल ठेवला तर बस जमिनीवर टेकलेली न वाटता तरंगलेली वाटते. म्हणून खालचा भाग पॉलिश पेपरने किंचित सपाट करायचा. किंचित म्हणजे किंचितच, नाहीतर बस पंक्चर दिसते.

सहावी, माती. इथे आपला जिल्हा कामाला येतो.

माती आपली, फुकटची

परदेशात मॉडेलवाल्यांसाठी धूळसुद्धा बाटलीत विकायला असते. आपल्याला कशाला? मित्राने तीन डब्या भरल्या. एकीत शेतातली काळी माती. दुसरीत रस्त्याच्या कडेचा पिवळसर तांबडा मुरूम. तिसरीत वणीकडच्या कोळशाच्या रस्त्यावरची काळपट धूळ, जी तिथे शिकणाऱ्या एका मैत्रिणीने पुडीत बांधून आणली. (ती पुडी घरच्यांनी दोनदा फेकली होती.)

माती जुन्या तव्यावर कोरडी करायची, सुती कापडातून चाळायची. जी पिठीसारखी खाली पडते तीच वापरायची. कारण जमिनीवरचा ज्वारीएवढा खडा 1:24 मध्ये लावला, तर तो मुठीएवढा धोंडा होतो.

आता प्रश्न, लावायची कुठे? सगळीकडे नाही! टायरचा जो पट्टा रस्त्याला घासतो, तो सतत घासून तुलनेने स्वच्छ राहतो. माती बसते बाजूच्या भिंतीवर, खाचांत, मडफ्लॅपच्या आतल्या बाजूला. चाकाच्या मध्यभागी ग्रीसचा ओलसर डाग असतो, तिथे धूळ चिकटून काळी होते. पावसाळ्यातली बस करायची तर काळी माती गोळ्यांनी चिकटलेली हवी. आपल्या काळ्या मातीतून बैलबंडी नेली असेल तर ती चाकाला कशी धरते, हे तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यातली बस करायची तर मुरमाची झाक. म्हणजे नुसत्या टायरवरून महिना सांगता आला पाहिजे.

माती पक्की करायला मॅट वार्निश किंवा पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल चालतो. त्याने रंग गडद होतो, म्हणून माती एक छटा फिकीच लावा. आणि घासताना, चाळताना, स्प्रे मारताना तोंडाला मास्क आणि खिडकी उघडी. ही बारीक धूळ फुप्फुसात जायची गोष्ट नाही.

रबर म्हणजे फक्त टायर नव्हे

बसवर रबर कुठे कुठे असतं, मोजा. समोरच्या काचेभोवतीचं रबर. वायपरची पट्टी. मडफ्लॅप. दाराची कड. प्रत्येकाचं आयुष्य वेगळं, म्हणून रंग वेगळा. काचेचं रबर वर्षानुवर्षं उन्हात तापून पांढुरकं पडतं. वायपरची पट्टी त्यामानाने गडद राहते. मडफ्लॅप खालच्या टोकाला मातीच्या रंगाचा होतो. सगळ्यांना एकाच बाटलीतला काळा फासला तर डोळ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. बाबांना तेच खटकलं होतं.

आणि रबर फक्त बसवरही नसतं. आपल्या शकुंतलेला विसरून कसं चालेल?

यवतमाळ ते मूर्तिजापूर, सुमारे 113 किलोमीटर. वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे इंग्लंडला जावा म्हणून इंग्रजांच्या काळात खासगी कंपनीने टाकलेली अडीच फुटी नॅरोगेज लाइन. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं झेडडी वाफेचं इंजिन 1923 पासून तिथे धावलं ते थेट 1994 पर्यंत. मग डिझेल आलं. आता यवतमाळहून ती गाडी सुटत नाही. आपल्या वयाच्या अनेकांनी ती फक्त आजी-आजोबांच्या गोष्टीत पाहिली. वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेजचं काम सुरू आहे, त्यातला वर्धा ते कळंब टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरूही झाला. नवी गाडी येईल तेव्हा आनंदच. पण जुनी कशी दिसायची, हे दाखवायला उरणार काय? फोटो, आणि कोणी बनवली तर मॉडेल्स.

आणि ती बनवणं आवाक्यातलं आहे. नॅरोगेजचे रूळ 762 मिलिमीटर रुंद. 1:87 या रेल्वे मॉडेलच्या सगळ्यात लोकप्रिय स्केलने भागा. उत्तर येतं 8.76. बाजारात 9 मिलिमीटरचे मॉडेल रूळ सर्रास मिळतात! म्हणजे शकुंतलेला रूळ तयार आहेत, गाडी आपण बनवायची.

तिथे रबर कुठे? आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असायचे. जुन्या फोटोंत इंजिनाच्या तोंडाशी आणि दोन डब्यांच्या मध्ये जाडसर, वळ्यावळ्यांचा पाइप लोंबताना दिसतो ना, तो रबरी होस पाइप. खरा पाइप 50 मिलिमीटर जाड धरला तर मॉडेलवर तो अर्ध्या मिलिमीटरच्या जरासा वर. इतक्या बारीक पाइपला वळ्या कशा दाखवायच्या? गिटारची जाडी तार घ्या, तिच्यावर आधीच बारीक तार गुंडाळलेली असते. तिचा तुकडा वाकवा, वर गडद राखाडी, जोडाच्या ठिकाणी लोखंडाचा आणि ग्रीसचा ठिपका. झाला पाइप.

खरे नॅरोगेज पाइप जवळून बघायचे असतील तर नागपूरला मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, यवतमाळहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. पुण्याला गेलात तर कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघा. 1998 पासून ते लोकांसाठी खुलं आहे आणि एका माणसाच्या छंदातून उभं राहिलं आहे.

मी केलेली चूक, तुम्ही करू नका

एवढं शहाणपण सांगतेय, तर माझा पराक्रमही ऐका. मी शाळेत असताना मिळालेल्या एका किटच्या गाडीला मऊ, रबरासारखे टायर होते. मी त्यांना ऑइलपेंट फासला. तो आठवडाभर वाळेना. महिन्याने बोट लावलं तरी चिकट. शेवटी त्यावर घरातली सगळी धूळ आणि एक मुंगी कायमची बसली.

कारण नंतर कळलं. किटमधले मऊ टायर बऱ्याचदा खऱ्या रबराचे नसतात, व्हिनाइलचे असतात. त्याला मऊ ठेवणारं रसायन बाहेर झिरपत राहतं आणि ऑइलपेंटला वाळू देत नाही. काही जुन्या किटमध्ये तर ते प्लास्टिकची रिमसुद्धा वितळवतं. म्हणून असे टायर आधी भांडी घासायच्या साबणाने धुवा, पॉलिश पेपरने घासा. नुसतं घासल्यानेही ते छान राखाडी होतात, रंगाची गरजच उरत नाही. रंग द्यायचाच तर अॅक्रेलिक द्या. रिमला आतून आधी रंग द्या, म्हणजे मध्ये पडदा राहतो.

आणि किट नसेल तर? जुनी स्लिपर. गावाकडे तुटक्या चपलेची चाकं कापून गाडे बनवणारी आपलीच पिढी ना? तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीला घरी रंग देणारेही आपणच. मॉडेलिंग हे काही परदेशी फॅड नाही. फक्त तेव्हा आपण टायर काळा समजत होतो.

आतला टायर

पुन्हा त्या बसकडे. मित्राने चाकं काढली, सगळा रंग खरवडला आणि परत सुरुवात केली. रोज कॉलेज सुटल्यावर स्टँडवर अर्धा तास. मोबाइलवर टायरचे फोटो काढतोय म्हणून एकदा सिक्युरिटीवाल्याने हटकलंही. घरी नातेवाईक विचारायचे, याचा नोकरीला काय उपयोग? त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि खोटं कशाला सांगू, माझ्याकडेही नाही. आर्किटेक्टकडे, म्युझियममध्ये, सिनेमात मॉडेल बनवणाऱ्यांना काम मिळतं हे खरं. पण तो त्यासाठी करत नव्हता. त्याला बाबांकडून एकच वाक्य मागे घ्यायला लावायचं होतं.

रिटायरमेंटच्या आदल्या रात्री बस परत बाबांसमोर आली. या वेळी टायरला मुरमाची झाक होती, मागच्या चाकांना रिमोल्डची दोन वयं होती, काचेचं रबर उन्हाने पांढुरकं झालं होतं. बाबांनी बस उलटी केली. मागच्या बाजूला दोन-दोन टायरांची जोडी असते, तिच्यातल्या आतल्या टायरवर नख आपटलं. रोज सकाळी गाडी काढताना खऱ्या टायरवर आपटून बघायचे, तसंच.

आतले टायर मित्राने रंगवले नव्हते. कोण बघणार, म्हणून सोडून दिले होते. बाबा म्हणाले, ‘बाहेरचा टायर सगळ्यांनाच दिसते. मला आतला बघावा लागे.’

एवढंच म्हणाले. मित्र रात्री दोन वाजेपर्यंत बसला आणि आतले चारही बाजूंनी रंगवले. आता ते कोणालाच दिसत नाहीत. सकाळी बाबा सत्काराला निघाले तेव्हा बस टीव्हीशेजारी होती, आणि जाताना त्यांनी तिच्यासमोरची घड्याळाची जुनी पेटी बाजूला सरकवली, बस नीट दिसावी म्हणून.

तर मंडळी, उद्या कॉलेजला जाताना स्टँडवर गाडीची वाट बघावी लागेलच. मोबाइल पाच मिनिटं खिशात ठेवा. समोर उभ्या असलेल्या लालपरीच्या टायरकडे बघा. त्यावर किती रंग आहेत, मोजा. ती कोणत्या रस्त्याने आली असेल, ओळखता येतंय का बघा. आणि वाकून आतला टायरही बघा. गाडी सुरू नसताना, बरं का!